पायाने काढायची रेघ

एकोणीसशे एक्कावन्न साल, मार्चचा दुसरा आठवडा. सकाळचे आठ वाजले असतील. काळखडे गावाच्या वरच्या माळावर अप्पा तिपाईवर फळी मांडून उभे होते आणि त्यांच्यामागे छत्री धरून मी.

"अनू, झेंडा दिसतोय का?"

"दिसतोय. म्हसोबाच्या पठाराच्या टोकाला. वर पांढरा, खाली लाल."

"हां. मलाही दिसतोय."

त्यांना काही दिसत नव्हतं. पितळी पट्टीच्या फटीला डोळा लावून ते झेंड्याच्या पार डावीकडे पाहत होते. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि पट्टीचं टोक दोन बोटांनी हलकेच उजवीकडे सरकवलं. अप्पांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि मी रेघ ओढली.

गेले चार महिने हे असंच चाललं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील, एकनाथ बगाडे. नकाशे करणाऱ्या सरकारी खात्यात मोजणीदार. उंचावर जाऊन फळी मांडायची, तिच्यावर कागद ताणायचा, आणि समोरचा डोंगर, वाट, विहीर, देऊळ त्या फटीतून नेमून कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. एका मैलाला एक इंच. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि त्यांच्या एकाही शीटवर शाई खरवडल्याची, पात्याची खूण नव्हती. खात्यात हे सगळ्यांना माहीत होतं.

आदल्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, अजून कच्चा आहे, पिकल्यावर या. तेव्हा तशीच पद्धत होती. अप्पा हसून म्हणायचे, "आंब्याचं काम आहे बघ. अढी घालून बसायचं." पण बसायला वेळ कुठे होता? नोकरी पुरी व्हायला तेव्हा सहा महिने आणि एक शीट बाकी होती. डोळे गेलेल्या मोजणीदाराला खातं एक दिवससुद्धा ठेवत नसे. आधी कळलं असतं तर अपात्र म्हणून शेरा मारून घरी पाठवलं असतं, आणि आमच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी सोळा वर्षांची. शाळा सोडून त्यांच्याबरोबर तंबूत राहायला आले ती पोळ्या लाटायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

आम्ही जातीने शिंपी. आईने मला सातव्या वर्षापासून सुईला बसवलेलं. कशिद्याचा टाका जितका बारीक घालता येई तितकीच बारीक शाईची रेघ मला ओढता येते, हे अप्पांना पहिल्याच आठवड्यात कळलं. मग सकाळी मी त्यांचे डोळे झाले आणि दुपारी त्यांचा हात.

हे आमच्याखेरीज एकालाच ठाऊक होतं. भिवा खोमणे. काळखड्याचाच. झेंडे, तिपाई, पाण्याची पखाल वाहणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात खलाशी म्हणतात, तसा तो आमचा खलाशी. रामोशाचा. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावची राखण होती आणि त्याबद्दल ओढ्याकाठी तीन एकराचं वतन. उंच, काटक, आणि बोलण्यात सदा एक चिमटा.

"ताई, अप्पासाहेब झेंडा बघत्यात का झेंड्याच्या सासुरवाडीला बघत्यात?" असं तो पहिल्या आठवड्यात माझ्या कानाशी म्हणाला, तेव्हा मी घाबरून अप्पांकडे पाहिलं. मग त्यानेच हात जोडले. "भ्या नगा. रामोशाच्या पोटात ग्येलेलं भाईर येत न्हाई. चोराला बी सांगत न्हाई आन् पाटलाला बी."

आणि तोडगाही त्यानेच काढला. वरचे साहेब तपासणीला आले म्हणजे माझी बोटं पट्टीला लागून चालणार नव्हतं. "बांगड्या हायती की हातात," भिवा म्हणाला. एकदा किणकिण झाली की झेंडा उजवीकडे. दोनदा झाली की डावीकडे. तीनदा, की बरोबर समोर. अप्पा आणि मी माळावर याची तालीम करायचो आणि भिवा झेंडा घेऊन इकडून तिकडे पळायचा. आम्ही तिघं इतके हसलो होतो त्या दिवसांत.

माणदेशाचा तो भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसा सांगू? झाड म्हणून हिवर आणि बाभळ, तीही लांब लांब. बाकी काळा कातळ. डोंगर म्हणजे सुळके नव्हेत, जिन्यासारख्या पायऱ्या आणि वर पाटासारखी सपाटी. "हे सगळं एके काळी उकळत होतं, अनू," अप्पा सांगायचे. "पिठल्यासारखं. थरावर थर ओतला गेला आणि थिजला." थिजलेल्या त्या पिठल्यावर दहा वाजले की ऊन नाचायला लागे. लांबचा झेंडा वितळल्यासारखा हलायचा, आणि मग चारपर्यंत फळीचं काम बंद.

असल्या मुलखात चुकायची जागा एकच, आणि तीही अप्पांनी मला पहिल्या दिवशीच सांगून ठेवली होती. डोंगराची उंची आम्ही पन्नास पन्नास फुटांच्या रेषांनी दाखवायचो. पण सपाट माळावर पाणी इकडे जाणार की तिकडे, हे चार फुटांच्या चढावर ठरतं. चार फूट नकाशात कुठेच दिसत नाहीत. म्हणून त्यांचा नियम होता: डोंगर डोळ्याने काढायचा, पाण्याची रेघ पायाने. ओढा जिथे उगम पावतो तिथून जिथे शीटबाहेर जातो तिथपर्यंत चालून यायचं. कोरडा असला तरी. मग शाई.

शीटचा एकच कोपरा राहिला होता, म्हसोबाच्या पठारामागचा. तपासणीला मिरजकरसाहेब शुक्रवारी येणार होते. बुधवारी अप्पांना ताप भरला.

"उद्या तू आणि भिवा जा," ते पडल्या पडल्या म्हणाले. "पठाराच्या कडेवर फळी मांड. भिवाला खिंडीत पाठव. आणि ओढा..."

"पायाने. माहिती आहे मला."

"माहिती असतंच. शेवटच्या दिवशी विसरायला होतं."

गुरुवारी आम्ही उजाडायच्या आत निघालो. पाच मैल चालून पठारावर पोचेतो साडेआठ झाले. मी फळी मांडली, भिवा झेंडा घेऊन दोन मैलांवरच्या खिंडीकडे उतरला. कडेवरून सगळा मुलूख खाली पसरलेला. पठाराच्या पायथ्याशी एक चांगला रुंद ओढा सुरू होत होता आणि कोसभर पूर्वेला जाऊन एका काळ्या कातळाच्या उंचवट्यामागे दिसेनासा होत होता. त्याच उंचवट्याच्या अलीकडून, दक्षिणेला, एक घळ काळखड्याकडे उतरत होती. खिंडीत झेंडा वर आला. मी नेमला, रेघ ओढली. पावणेदहा झाले होते. ऊन हलायला लागलं होतं.

उरलं होतं ते एवढंच, की उतरून, दोन मैल जाऊन, त्या उंचवट्यामागे ओढा काय करतो ते पाहायचं. आणि परत चढायचं.

मी पाहिलं. इकडून ओढा आत जातो, तिकडून घळ बाहेर येते. आंधळ्यालाही दिसेल, असं मी मनात म्हटलं. हे शब्द मनात आल्याचं मला अजून आठवतं. मी पेन्सिलीने दोन्ही टोकं जोडली. रेघ इतकी सुरेख वळली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग आरसा काढला आणि काम झाल्याची तिरीप भिवाच्या दिशेने टाकली. त्याने झेंडा खाली घेतला. त्याने आपल्या वाटेने तंबूवर यायचं, हा रिवाजच होता. मी फळी पाठीला बांधून निघाले.

दुपारी अप्पांचा ताप उतरला होता. मी शाईची दौत काढली तशी त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"जाऊन आलीस?"

"हो."

"ओढा?"

"काळखड्याकडे उतरतो."

"पायाने ना?"

"पायाने, अप्पा."

ते उशीवर डोकं टेकून निवांत झाले. मी कोरड्या ओढ्याची काळी रेघ भरायला घेतली. कोरडा ओढा काळ्या शाईने काढायचा, वाहतं पाणी निळ्या. आमच्या त्या शीटमध्ये निळ्या शाईची दौत उघडावीच लागली नाही.

उन्हं कलली, अप्पांना झोप लागली होती, तेव्हा भिवा आला. पायांना कुसळं, धोतर गुडघ्यापर्यंत मातीने लाल.

"इतका उशीर?" मी विचारलं.

"वड्यानं चालत आलो. अप्पासाहेबांचा नेम हाय न्हवं का? म्हनलं, ताई पठारावनं उतरंस्तवर आपुन बघून यावं. पर ताई, त्यो वडा आपल्याकडं न्हाई यीत."

"म्हणजे?"

"त्या कातळामागं उलटा फिरतो. उत्तरंला. पार पल्याडच्या तालुक्यात जातो. आपली घळ येगळी, तिचा-त्याचा संबंध न्हाई. मदी एवडा एवडा चढ हाय." त्याने हात छातीएवढा धरला.

"कोरड्या ओढ्यात कळलं कसं तुम्हाला पाणी कुठं जातं ते?"

"पाचोळा बघितला की. तरवडाच्या झुडपांस्नी दक्षिणच्या अंगाला अडकलाय. पानी ज्या अंगानं येतं त्याच अंगाला कचरा अडकतो. म्या बारका हुतो तवापासून ठाव हाय."

मी शीटकडे पाहिलं. शाई वाळली होती. खरवडायची तर पात्याने, आणि ती खूण उद्या सकाळी मिरजकरसाहेब भिंगाखाली पाहणार. अठ्ठावीस वर्षांतली पहिली. आणि खरवडायची कशासाठी हे अप्पांना सांगायचं. पायाने म्हणाले होते मी. दोन तासांपूर्वी.

"पाचोळा वाऱ्यानेही अडकतो," मी म्हणाले.

भिवा माझ्याकडे बघत राहिला. "अडकतो कवा कवा," तो म्हणाला.

"मी वरून नीट पाहिलंय, भिवादादा. अप्पांना यातलं काही बोलू नका. आत्ताच ताप उतरलाय त्यांचा. आणि उद्या साहेब..." माझा आवाज चिरकला. ते नाटक नव्हतं, पण नाटकाच्या उपयोगी पडलं.

"मग तुमी बघितलंय तर झालं," भिवा म्हणाला. "तुमचं शिकल्याली डोळं. म्या आपला पायानं बघनारा मानूस." आणि कुसळं काढत बसला.

शुक्रवारी मिरजकरसाहेब घोड्यावरून आले. बुटके, तुकतुकीत टक्कल, आणि आवाज इतका मऊ की त्याचीच भीती वाटे. त्यांनी दोन ठिकाणी फळी मांडायला लावली. पहिल्या ठिकाणी स्वतः पाहिलं, मान डोलावली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "बगाडे, तुम्ही नेमा. शेवटचं शीट तुमचं. पाहू द्या जुना हात."

अप्पा फटीपाशी वाकले. मी मागे छत्री घेऊन उभी. समोर मैलावर भिवाचा झेंडा. मी केस सारखे करायला हात वर नेला. किण. अप्पांनी पट्टी उजवीकडे सरकवली. जास्त झाली. किण, किण. थोडी मागे. पुन्हा केस. किण, किण, किण.

"नेमला, साहेब," अप्पा म्हणाले.

मिरजकरसाहेबांनी वाकून पाहिलं. मग सरळ होऊन त्यांनी पाहिलं ते झेंड्याकडे नव्हे, माझ्या मनगटाकडे.

तंबूत त्यांनी भिंगाने सगळं शीट पाहिलं, कापड निवडावं तसं. भिवा दाराशी झेंडे गुंडाळत होता.

"हा मागचा कोपरा," साहेबांनी बोट ठेवलं. "कातळामागे ओढा वळतो तो. तुम्ही स्वतः गेला होता?"

"साहेब, पाण्याची रेघ माझ्या शीटवर पायाने काढलेली असते," अप्पा म्हणाले. ताठ उभे राहून. त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की मला तंबूच्या कापडाकडे पाहावं लागलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या क्षणीही, त्यांच्या बाजूने, ते खरंच बोलत होते.

साहेब दाराकडे वळले. "काय रे, तू इथलाच ना? हा ओढा काळखड्याकडे उतरतो?"

भिवाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे. त्यांचे पांढुरके डोळे भिवाच्या आवाजाच्या दिशेने लागले होते.

"अप्पासाहेबांनी काढलंय ते बराबरच आसनार, साहेब," भिवा म्हणाला.

मिरजकरसाहेबांनी सही केली. निघताना घोड्यावर बसून ते म्हणाले, "बगाडे, तुमच्या मुलीच्या बांगड्या फार बोलक्या आहेत." अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. "आणि शीट ज्या हाताने काढलं तो हात पोळ्या लाटण्यात घालवू नका. पुण्यात ड्रॉइंगचा वर्ग आहे. मी चिठ्ठी देईन."

ते गेल्यावर अप्पा कितीतरी वेळ हसत होते आणि डोळे पुसत होते. "बघितलंस? सगळं ओळखलं आणि पोटात घातलं. देवमाणूस!" मीही हसले. साहेबांनी अर्धं ओळखलं होतं आणि तेवढं माफ केलं होतं. उरलेलं अर्धं त्या माफीच्या खाली आपोआप झाकलं गेलं.

आम्ही काळखडे सोडलं तेव्हा भिवा शिवेपर्यंत पोचवायला आला. त्याच्या बायकोने, ठकूबाईने, मला खणाची चोळी आणि बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या. चोळी मी कधी घातली नाही.

पुढे तो वर्ग झाला, आणि मी जिल्ह्याच्या बांधकाम कचेरीत नकाशे काढायला लागले. बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी तिथेच होते. गावोगाव लोकांना काम द्यायचं म्हणून पाझर तलाव काढायचे होते, आणि कुठल्या तलावात किती मुलखाचं पाणी येईल ते नकाशावरून मोजून द्यायचं काम आमच्याकडे. एका सकाळी एका तरुण इंजिनिअरने माझ्या टेबलावर शीटांची चळत टाकली. "ताई, संध्याकाळपर्यंत सतरा तलावांची पाणलोट क्षेत्रं हवीत."

नववं शीट मी उलगडलं आणि हात थांबला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं: मोजणी, ए. बगाडे. आणि काळखड्याच्या वर, घळीच्या तोंडाशी, पेन्सिलीने आखलेला बांध.

"इथं जागेवर जाऊन कुणी पाहिलंय का?" मी विचारलं.

"बांधाची जागा पाहिलीय. एकदम छान आहे."

"नाही, वरचा ओढा. डोंगरामागचा."

तो थकलेला होता. तीन रात्री झोपला नसावा. "ताई, डोंगरामागं कोण जाणार? बाहेर दोन हजार माणूस कामाची वाट बघत उन्हात बसलंय. आणि नकाशा आहे की! जुन्या लोकांचं काम आहे, चोख असतं."

तो उभा होता, मी बसलेले. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? अप्पा जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. खात्यातले जुने लोक अजूनही 'बगाडेंची रेघ' म्हणून उदाहरण देत. मी ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि माझीच रेघ दुसऱ्यांदा ओढली. पाणलोट भरपूर निघालं. तलाव मंजूर झाला.

त्यानंतर सात वर्षं मी काळखड्याला गेले नाही. अठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशी, दोन्ही वर्षं पाऊस चांगला झाला. तेव्हा मात्र मला राहवेना. ऑक्टोबरात एस.टी.ने गेले. वाटेतले तलाव भरलेले होते, खिडकीतून दिसत होते. मी मनात देवाला म्हणत होते, हाही भरलेला असू दे, माझी नजर बरोबर असू दे आणि भिवाचे पाय चुकलेले असू देत.

भिवा बांधावरच भेटला. शेळ्या घेऊन. पाठ वाकली होती, आवाज तोच.

"बगाडे मोजणीदारांची अनू मी."

"बांगड्या कुटं हायत?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. माझ्या हातात घड्याळ होतं.

बांध उंच, दगडांनी छान रचलेला. बांधाच्या आत तळाला तरवड माजला होता आणि शेळ्या तो सोडून गवत खात होत्या. मध्यभागी एका म्हशीपुरतं डबकं. हजारो हातांनी केलेला तलाव, आणि चांगल्या पावसानंतर त्यात एक डबकं.

"कधीच भरला नाही?"

"न्हाई. भरत न्हाई." त्याने बसायला दगड झाडून दिला. "लोक म्हनत्यात म्हसोबाचा कोप. कुनी म्हनतं पूजा चुकली. बांधाची पूजा माज्या ठकूनं क्येली हुती, तवा काई बायका तिलाच नावं ठिवत्यात."

"ठकूबाईंनी का?"

"जिमीन आमची न्हवं का." तो सहज म्हणाला. "ह्यो सगळा तळ आपल्या वतनाचा. तीन एकर. सरकार भरपाई देनार हुतं, पर गावाचं तळं, म्हनलं, भरपाई कशाची? कागदावर आंगठा दिला."

"तुम्ही दिली? भिवादादा, तुम्हीच तर मला म्हणाला होता. ओढा उत्तरेला जातो म्हणून."

"म्हनलो हुतो की." तो शेळीच्या मानेवरची गोचीड काढत होता. "सायेब लोक नकाशा घिऊन आलं तवा समद्या गावानं मलाच इचारलं. भिवा, तू नकाशेवाल्यांत हुतास, हे खरं हाय का? म्या बोट लावून बघितला वडा. छापल्याला. म्हनलं, आपुन एक डाव बघितलं, त्ये बी पाचोळ्यावरनं. आपलंच चुकलं आसंल. अप्पासाहेबांच्या पायाची रेघ हाय ही. म्या सोता मोठ्या सायबाम्होरं सांगितल्यालं, बराबर हाय म्हनून. मग आता न्हाई कसं म्हनायचं? म्हनलं, गड्यांनू, करा. आन् माजी जिमीन घ्या."

"त्यानंतर पुन्हा गेला होता का मागे? पाहायला?"

"कशाला जायाचं?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. आणि त्या नजरेत मला दिसलं, की तो गेला होता. एकदा नव्हे, पुष्कळदा. भर पावसात जाऊन वाहतं पाणी उत्तरेला जाताना पाहून आला होता.

"भिवादादा, अप्पा त्या कातळामागे गेले नव्हते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांना ताप होता. मी..."

"ऊन लई झालंय ताई," तो मोठ्याने म्हणाला आणि उठला. "ठके! अगं ए! ताईस्नी पानी आन."

ठकूबाई वस्तीवरून तांब्या घेऊन आली. मला ओळखून तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तिच्या डोक्यावरची चुंबळ अजून ओली होती. पाणी कुठून आणता विचारलं तर म्हणाली, "पल्याडच्या तालुक्याच्या हिरीवरनं. दोन मैल पडतं. तकडं पानी ऱ्हातं बया, आमच्याच नशिबात न्हाई."

मी तांब्या तोंडाला लावला. ते दोघंही माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. मी सगळं पाणी प्याले. आणि तांब्या खाली ठेवला तेव्हा भिवा म्हणाला, अगदी हळू, ठकूबाईला ऐकू जाणार नाही असं: "अप्पासाहेबांचं नाव लई मोटं हाय इकडं. ऱ्हाऊ द्या."

पाच वाजताच्या एस.टी.ने मी परत आले.

त्यातले आता कुणी नाही. अप्पांना पेन्शन पुरी मिळाली. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं, एका डोळ्याला यश आलं नाही. छप्पन साली ते गेले, शेवटपर्यंत उशाशी त्या शीटची छापील प्रत गुंडाळून. मिरजकरसाहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी माझी ओळख "माझा शोध" अशी करून दिली होती. भिवा चौऱ्याऐंशी साली गेला. जमीन नसल्यामुळे त्याचे दोन्ही मुलगे ऊसतोडीला जाऊ लागले ते तिकडेच राहिले. ठकूबाई त्याच्यानंतर बरीच वर्षं होती. तिला नावं ठेवणाऱ्या बायका तिच्याआधी गेल्या, एवढंच. त्या इंजिनिअरला मी नंतर पत्र लिहिलं होतं, सगळं सविस्तर. ते पोस्टात टाकलं नाही. त्या शीटची नवी आवृत्ती निघाली तेव्हा मी मागवून घेतली. कातळामागचा ओढा तसाच आहे, माझ्या वळणाचा. आणि त्याच्या खाली काळखड्याचा तलाव, निळ्या रंगाने भरलेला. सगळ्या शीटमध्ये तेवढंच निळं.

मी एकोणनव्वद वर्षांची आहे. माझेही मोतीबिंदू काढले, दोन्ही, अर्ध्या तासात. पिकायची वाट बघावी लागली नाही. आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. गच्चीवर उभी राहिले तर लांबच्या टेकडीवरचं एकेक झुडूप वेगळं दिसतं. तिथे कुणी झेंडा घेऊन उभं असतं, तर तोही दिसला असता.